रानटी पर्सिमॉन : कधी गोळा करावेत आणि त्यांचे काय करावे?

ब्लूमिंग्टनकर

आम्ही याच वर्षी इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात राहायला आलो आहोत. घरामागच्या ओढ्यापलीकडे, जुन्या कुंपणाच्या कडेने पर्सिमॉनची चार झाडे आहेत आणि जमिनीच्या मालकीणबाईंनी हवी तेवढी फळे नेण्याची मोकळीक दिली आहे. दुकानातले मोठे जपानी पर्सिमॉन मला ठाऊक आहेत, परंतु ही फळे सुपारीपेक्षा थोडीशीच मोठी आहेत. गेल्या शनिवारी छान केशरी दिसणारे एक फळ फांदीवरून तोडून खाल्ले, तेव्हा तोंडाला अशी मिठी बसली की चहा घेतल्यानंतरही जीभ ताळ्यावर यायला अर्धा तास लागला. शेजारी सांगतात की दव गोठण्याइतकी थंडी पडेपर्यंत या फळांना हात लावू नये. हे खरे आहे का? शिजवल्यावर तुरटपणा जातो का? आणि आपल्या पद्धतीचे काही करता येईल का?

शेगडी

आपल्या जिभेला आलेला अनुभव चारशे वर्षे जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी व्हर्जिनियात आलेल्या कॅप्टन जॉन स्मिथ याने याच फळाविषयी लिहून ठेवले आहे की कच्चे असताना ते तोंड वेडेवाकडे करते आणि पिकल्यावर जर्दाळूसारखे रुचकर लागते.

थंडीचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. फळ पिकते ते थंडीमुळे नव्हे, दिवस भरल्यामुळे. इकडे फळे पिकण्याचा आणि पहिल्या कडाक्याचा काळ जवळजवळ एकच असल्याने लोकांनी त्यांचा संबंध जोडला आहे. काही झाडांची फळे सप्टेंबरमध्येच गळू लागतात, तर काहींची पाने झडून गेल्यावरही नोव्हेंबरपर्यंत फांद्यांवर लटकत राहतात. कच्चे फळ गोठले तर ते मऊ होते, पण गोड होईलच असे नाही.

म्हणून माझा एकच आग्रह आहे : फळ तोडू नये, वेचावे. झाडाखाली जुनी चादर अंथरून फांदी हलकेच हलवावी आणि जे आपणहून पडेल तेवढेच घ्यावे. पिकलेले फळ दिसायला अगदी टाकाऊ वाटते. साल सुरकुतलेली, वर निळसर पांढुरकी झाक, आणि हातात घेतल्यावर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लिबलिबीत. देठाकडची चार पाकळ्यांची टोपी ओढताच सुटून आली, तर फळ तयार झाले असे समजावे. केशरी रंगावर विश्वास ठेवू नये. आपली फसगत त्यानेच केली आहे. सकाळी लवकर आणि एक दिवसाआड फेरी मारावी, कारण हरणे, रॅकून आणि ओपोसम ही मंडळी आपल्याआधी तेथे पोहोचलेली असतात. दुपारी पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या बसतात, तेव्हा न पाहता हात घालू नये. गवतात गोचिडी असतात, म्हणून पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत.

चारही झाडांची फळे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावीत आणि प्रत्येक झाडाचे एक-एक फळ चाखून पाहावे. शेजारशेजारच्या झाडांच्या चवीतही पुष्कळ फरक असतो.

आजीचा_ओव्हन

शिजवल्याने तुरटपणा जात नाही, उलट चाखताना न जाणवलेला तुरटपणा शिजवल्यावर पुन्हा डोके वर काढतो. पहिल्या वर्षी मी दोन-चार अर्धवट फळे ‘एवढ्याने काय होते’ म्हणून गरात घातली आणि सगळे भांडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून गर काढला की आधी चमचाभर खाऊन पाहते आणि मगच पुढे जाते.

गर काढायला मिक्सर वापरू नका. प्रत्येक फळात चपट्या तपकिरी बिया असतात आणि त्या फुटल्या तर गर कडवट होतो. पुरणयंत्र असेल तर उत्तम, नाहीतर मोठ्या भोकांच्या चाळणीवर फळे हाताने रगडावीत. बिया आणि साली जाऊन माझ्या आठ कप फळांतून जेमतेम तीन कप गर निघाला होता, तेव्हा बेत आखताना तेवढे धरून चला.

पुडिंगची सवय नसली तरी इथले पुडिंग एकदा कराच, कारण ते केकपेक्षा सोपे आहे. दोन कप गर, दीड कप ताक, दोन अंडी, दीड कप मैदा, एक चमचा खाण्याचा सोडा, थोडी दालचिनी आणि वितळलेले लोणी एकत्र करून ३२५ अंश फॅरनहाइटवर तासभर भाजायचे. पाककृतींत साखर दोन कप लिहिलेली असते, मी सव्वा कप घालते आणि कोणी तक्रार केलेली नाही. सोड्यामुळे रंग गडद तपकिरी होतो, तो करपल्याचा नव्हे. बाहेर काढल्यावर मध्यभाग खाली बसतो, तेही बरोबरच आहे. आपल्या दक्षिणेला मिचेल गावात १९४७ पासून सप्टेंबरच्या अखेरीस पर्सिमॉनचा उत्सव भरतो आणि त्यात या पुडिंगची स्पर्धा असते. एकदा तिथले चाखून आलात की घट्टपणा किती हवा ते कळेल.

मुले असतील तर एखादी बी उभी चिरून दाखवा. आतला पांढरा कोंब चमच्यासारखा दिसला तर हिवाळ्यात बर्फ फार, सुरीसारखा दिसला तर बोचरे वारे आणि काट्यासारखा दिसला तर थंडी सौम्य, असे इथले जुने लोक सांगतात. आमच्या एकाच झाडाच्या बियांत तिन्ही भाकिते निघाली होती.

झाडीपट्टी

आपण हे फळ परके समजू नये. विदर्भातली टेंभुर्णी, जिची पाने विड्यांसाठी तोडतात, ती याच कुळातली, किंबहुना याच प्रजातीगटातली आहे. आमच्याकडे पिकलेली टेंभरे उन्हाळ्यात खातात आणि कच्चे खाल्ले तर तोंडाची हीच गत होते.

आपल्या पद्धतीचे म्हणाल तर घारगे करा. एक कप गरात वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ, चमचाभर गरम तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून भोपळ्याच्या घारग्यांसारखेच थापायचे. गूळ बहुधा लागतच नाही. आच मंद ठेवा, कारण फळातल्या साखरेने ते पटकन लाल होतात. गर ताटात पातळ पसरून वाळवला तर आंबापोळीसारखी पोळीही होते, मात्र इकडच्या दमट दिवसांत उन्हापेक्षा ओव्हनची मंद ऊब बरी.

शेगडी

एक राहून गेले. कच्च्या फळातले टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारे द्रव्य, जठरातल्या आम्लाशी मिळून घट्ट गोळा बनवू शकते. ज्यांच्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा मधुमेहामुळे ज्यांचे पोट सावकाश रिकामे होते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि इतरांनीही उपाशीपोटी ओंजळभर खाऊ नये.

ब्लूमिंग्टनकर

सर्वांचे आभार. आज चादर अंथरून दोन झाडांखालची फळे वेचली आणि ती खरोखरच जर्दाळूसारखी लागली. उरलेल्या दोन झाडांवर मात्र एकही फळ नाही, म्हणून मालकीणबाई ती पाडून टाकण्याच्या विचारात आहेत.

झाडीपट्टी

त्यांना आजच थांबवा. या जातीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. ती दोन्ही बहुधा नर असतील आणि जवळपास दुसरे नर झाड नसेल, तर आपल्या वेचणीच्या झाडांना पराग तेथूनच मिळत असणार.