मूळ संख्या की अविभाज्य संख्या?

शहापूर, बेळगाव:
सुट्टीत कोल्हापूरहून नणंदेचा मुलगा आलाय. आमची धाकटी कन्नड माध्यमात. परवा सोप्यात वाद लागला. तो म्हणतो १३ ही 'मूळ संख्या', ही म्हणते 'अविभाज्य संख्ये'. सासूबाई आतून, "काय भांडूलालाय रे? तेराच की ते!" खरा शब्द कुठला हो?

निपाणी:
दोन्ही खरे, ताई. कन्नडात अविभाज्य, हिंदीत अभाज्य, बालभारतीत मूळ. माझं मत मूळच्या बाजूनं. अविभाज्य म्हटलं की त्या संख्येचं काय होत नाही एवढंच कळतं. मूळ म्हटलं की तिच्यातून काय उगवतं ते कळतं. १२ म्हणजे २×२×३, दुसऱ्या कुठल्या मुळांतून १२ येतच नाही. आता १ घ्या. त्याला कोण भागणार? अविभाज्यच की ओ तो! पण मूळ नव्हे, कारण त्यानं कितीही गुणा, नवं काही उगवत नाही. (शिवाय आपल्याकडं 'अविभाज्य' म्हटलं की तोंडात पुढं 'भाग' येतो आणि मग सीमाप्रश्नच सुरू होतो.)

खानापूर:
मूळनं घोटाळाही होतो. माझ्या शिकवणीत एक पोर म्हणालं, "१६ चं मूळ ४, म्हणजे ४ मूळ संख्या." वर्गमूळातलं मूळ निराळं, हे समजावता समजावता तास संपला. सहमूळचं तर विचारूच नका. ८ आणि ९ सहमूळ, म्हणजे १ सोडून दोघांना भागणारी एकही संख्या नाही, आणि दोघांतली एकही मूळ नाही.

शहापूर:
पोरगा आता दिसेल तो नंबर तपासत सुटलाय. बेळगावचा पिनकोड ५९०००१, अंकांची बेरीज १५, तिननं गेला. मोबाईल नंबराएवढी मूळ संख्या हवी म्हणतोय.

निपाणी:
२१४७४८३६४७ द्या त्याला. बरोबर दहा अंकी. दोनचा ३१ वा घात, वजा एक. १७७२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही हातानं. तपासायचं फक्त ४६,३४० पर्यंत, म्हणजे तिच्या वर्गमूळापर्यंत (बघा, इथं दोन्ही मुळं भेटली). त्यातही भाजक असलाच तर ६२ च्या पटीत एक मिळवून येणारा, म्हणून बाकीचे बहुतेक आकडे सोडूनच द्यायचे. दोनच्या घातातून एक वजा केला की येतात त्या मर्सेन संख्या. ती मूळ यायला घात मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही. ११ मूळ आहे, तरी दोनचा ११ वा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ते भागतं: २३×८९.

खानापूर:
'भागत नाही'वर वेगळा धागा काढा आता!
२०२४ मध्ये सापडलेली मर्सेन मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. घात १३,६२,७९,८४१. पोराला सांगू नका, लिहायला बसेल.

शहापूर:
सांगितलं. वही मागतोय. आणि धाकटी आता 'मूळ संख्ये' म्हणायला लागलीय.