'भामटा' की 'सराईत'?

प्रश्न : 'भामट्याने वृद्धेला गंडा घातला', 'रेकॉर्डवरील सराईत चोरटा जेरबंद' असे मथळे रोज दिसतात. भामटा आणि सराईत यांत नेमका फरक काय? आणि 'सराईत' हा मुळातच वाईट शब्द आहे का? आमची आजी पुरणपोळी लाटणारीलाही 'सराईत हात आहे हो' म्हणायची.

प्रतिसाद : आजींचं बरोबर आहे. सराईत म्हणजे सरावलेला, हात बसलेला. पुढे 'गुन्हेगार' आला की मगच त्याला वाईट वास लागतो. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण माणूस सरावाने तसा होतो, जन्माने नाही, हे त्यात आधीच आलं आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांचं म्हणणं तेच होतं : गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्यांच्या संगतीत. युक्त्या तिथेच कळतात आणि 'यात काय वाईट?' हे समर्थनही तिथेच मिळतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

प्रतिसाद : म्हण चपखल आहे. पण पवळ्याला तिथे बांधलं कुणी, हेही विचारायला हवं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या. सोलापुरात कैकाडी, पारधी अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी घेत. त्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. ज्याला दारात कुणी उभं करत नाही, त्याला काम कोण देणार? समाज ज्याला 'गुन्हेगार' असा शिक्का मारतो, तो पुढे तसाच होत जातो, हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली मांडलेला 'शिक्क्या'चा विचार आपल्याकडे असा तारेआड दिसतो.

आता 'भामटा'. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या कायद्याच्या शिक्क्यातून सुटलेल्या जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा ही नावं आहेत. कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी मथळ्यात आपण त्या जातीचं नाव शिवीसारखं वापरतो. ते नाव लावणारी मुलगी सकाळी पेपर उघडून काय वाचत असेल?

प्रश्नकर्ता : हे खरंच माहीत नव्हतं. मग फसवणाऱ्याला काय म्हणावं?

प्रतिसाद : ठक, लबाड, तोतया, जसा प्रसंग तसा. 'सराईत' एकट्या माणसाला लावा, तेही गुन्हे पुन्हा पुन्हा सिद्ध झाले असतील तरच. 'सराईत टोळी' चालेल, टोळीत माणूस जाऊन सामील होतो. 'सराईत जमात' मात्र कधीच नको, जमातीत तो जन्मतो.