मदत हवी आहे : संचालक मंडळाच्या सभेत खरेदीचा दर ठरतच नाही

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, संचालक १०. कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांत सभा, ७ दिवस आधी नोटीस, एक तृतीयांश गणपूर्ती म्हणजे आमच्यात ४ जण. हे सगळं नीट होतं. अडचण सभा सुरू झाल्यावर आहे.

दुपारी दोनला बसतो. मागील इतिवृत्त वाचण्यातच तास जातो, कारण जुने वाद तिथंच उकरले जातात. पाचच्या एसटीसाठी चार-पाच जण उठतात आणि सोयाबीन खरेदीचा दर, ओलावा १२ टक्क्यांवर गेला तर किती कट्टी (कपात), हे विषय अर्धवट राहतात. दुसऱ्या दिवशी गेटवर गाड्या उभ्या आणि व्यवस्थापकाकडे ठराव नाही!

इतिवृत्त आधी व्हॉट्सॲपवर टाकून पाहिलं, पण तिघं वाचत नाहीत, त्यांना ऐकूनच कळतं. प्रत्येक विषयाला वेळ बांधला, तर ज्येष्ठ भाऊंना मधेच थांबवायला अध्यक्ष संकोचतात. सभा सकाळी घेता येत नाही, वेचणीचे दिवस आहेत. ऑनलाइन नको, रेंज नसते.

पैशाचे विषय पहिले घेऊन इतिवृत्त शेवटी ठेवलं तर हरकत येते का? दर रोज बदलतो, म्हणून एकच आकडा न ठरवता व्यवस्थापकाला कमाल-किमान मर्यादा देणारा ठराव कोणी केला असेल, तर त्याची शब्दरचना कशी ठेवली?