भिंतीवरची बुरशी, ओल आणि घरातली कोंडलेली हवा : तुमचे अनुभव लिहा

बेडरूमच्या कोपऱ्यातली काळी बुरशी मी तीन वर्षांत कितीदा पुसली ते मोजायचं सोडून दिलं होतं. दोनदा वरून रंगही दिला. ती पुन्हा उगवली तेव्हा रंगाऱ्याऐवजी वायुवीजन तपासणाऱ्यांना बोलावलं. त्यांनी भिंत नंतर पाहिली. आधी बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावला आणि हात सोडला. फॅन घरघरत होता, पण कागद खाली पडला. जाळीमागे धुळीची गोधडीच साचली होती, आणि डक्टचा सांधा निखळून पाइपचं तोंड फॉल्स सीलिंगच्या आतच उघडं होतं. जी थोडीफार वाफ फॅन ओढत होता, ती बेडरूमच्या डोक्यावर साठत होती. आवाज येतोय म्हणजे हवा बाहेर जातेय, असं मी धरून चालले होते.

तुमच्याकडे तपासणीत काय निघालं? ओल नेमकी कुठून येतेय हे कसं कळलं? चुकलेले उपायही लिहा, त्यांचा जास्त उपयोग होतो.

* * *

आमची चूक खिडक्यांची. जुन्या, फटी असलेल्या खिडक्या काढून घट्ट बसणाऱ्या लावल्या. धूळ थांबली, आवाज थांबला. पहिल्याच थंडीत रोज सकाळी काचांवर पाणी दिसायला लागलं, मग चौकटीच्या कडेला काळे ठिपके. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणला तर पहाटे ७२ टक्के! घर आतापर्यंत त्या फटींतूनच श्वास घेत होतं, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. तपासणाऱ्यांनी किचनची चिमणी चालू करून खिडकी बोटभर उघडली, तर चिमणीचा ओढा लगेच वाढला. आत हवा यायलाच वाट नसेल तर बाहेर टाकणार काय? आता खिडक्यांत हवा आत घेणाऱ्या झडपा बसवल्यात आणि बाथरूमच्या दाराखाली साधारण दीड सेंटिमीटर फट ठेवलीय. हल्ली आकडा पन्नाशीत असतो.

* * *

माझी बाहेरची भिंत कपाटामागे ओली आहे. टेरेसचं वॉटरप्रूफिंग करून घ्यावं म्हणतोय. कोणी केलंय का?

* * *

थांबा, आधी पाणी कुठून येतंय ते बघा. मी हेच तपासणीचं काम करते. २० अंश तापमानाची, ६० टक्के आर्द्रतेची हवा साधारण १२ अंशांच्या पृष्ठभागाला टेकली की तिचं पाणी होतं. थंडीत कपाटामागची बाहेरची भिंत तेवढी गार सहज होते, कारण खोलीची ऊब तिथे पोचत नाही. बुरशीला तर थेंबही लागत नाही; पृष्ठभागालगतची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी तिचं भागतं.

भिंतीवर हातभर प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. खोलीकडची बाजू ओली झाली तर ते घरातल्या हवेचं पाणी. भिंतीकडची ओली झाली तर ओल भिंतीतून येतेय. पांढरे क्षार आणि गिलाव्याचे पोपडे दिसले तरी बहुधा पाणी भिंतीतलंच असतं.

स्वीडनमध्ये १९९१ पासून अनेक इमारतींचं वायुवीजन ठरावीक वर्षांनी तपासून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपण मात्र डाग दिसेपर्यंत झरोक्याकडे बघत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

* * *

आमच्याकडे उलटं झालं. हवा कोंडते म्हणून सहा महिने खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि निघाली पाइपची गळती. सगळे नळ बंद केले तरी पाण्याचं मीटर फिरत होतं. ही तपासणी दहा मिनिटांत होते, आम्ही ती सगळ्यात शेवटी केली.

* * *

दमट हवामानात राहणाऱ्यांसाठी : आम्ही एसी १९ वर ठेवायचो आणि मधूनमधून खिडकी उघडायचो, ‘ताजी हवा’ म्हणून. बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतीवरच पाणी सोडायची. आता एसी २६ वर, आणि तो चालू असताना खिडकी बंद. बुरशी परतलेली नाही.

* * *

हे लिहिताना अजून हात थरथरतो. बाबांनी गार वारा येतो म्हणून बाथरूमच्या झरोक्यात कापड कोंबलं होतं. आत गॅस गीझर. आई अंघोळ करताना चक्कर येऊन पडली. दाराची कडी लावलेली नव्हती म्हणून वाचली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तपासायला आलेल्या गृहस्थांनी आधी कापड काढलं, आणि फक्त जोरदार एक्झॉस्ट लावायलाही नाही म्हणाले, कारण तो जळालेला वायू उलटा आत ओढू शकतो. गीझर त्याच आठवड्यात बाहेरच्या मोकळ्या हवेत हलवला. ज्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे त्यांनी कृपया आजच झरोका बघा.

* * *

वर टेरेसबद्दल विचारणारा मीच. प्लास्टिक दोन दिवस ठेवलं. खोलीकडची बाजू ओली, भिंतीकडची कोरडी. वॉटरप्रूफिंगवाल्यांना तूर्त नको म्हणून कळवलंय. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, आणि त्याच खोलीत वाळत घातलेले कपडे बाल्कनीत हलवले. बाथरूमच्या जाळीला टिश्यू पेपर लावून पाहिला, तोही पडला. उद्या जाळी उघडतोय.