एसटी-२२५ हार्ड डिस्कचे जुने १६-बिट कंट्रोलर कार्ड: ओळख आणि सेटअप

प्रश्न

नमस्कार. मामांच्या छापखान्यातला २८६ प्रोसेसरचा एक जुना संगणक माझ्याकडे आला आहे. त्यांनी काढलेल्या काही दिवाळी अंकांचा मजकूर त्याच्या हार्ड डिस्कवर आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. डिस्कवर सीगेट एसटी-२२५ हे नाव स्पष्ट वाचता येते, पण ती चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डावरचे लेबल निघून गेले आहे. कार्ड मदरबोर्डवरच्या १६-बिट आयएसए (जुन्या विस्तार-कार्डांच्या) स्लॉटमध्ये बसते. त्यावर ३४ पिनांचे दोन आणि २० पिनांचे दोन कनेक्टर आहेत. ४० पायांच्या एका मोठ्या चिपवर डब्ल्यूडी २०१० आणि दुसऱ्या चिपवर डब्ल्यूडी १०१५ असे छापलेले आहे. बायॉसची रॉम (कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम साठवणारी चिप) मात्र कुठे दिसत नाही. फ्लॉपी याच कार्डावरून चालते आणि डॉस सुरू होते. हार्ड डिस्कच्या केबली संगणक येण्यापूर्वीच कोणीतरी काढलेल्या होत्या, आणि मदरबोर्डवरची बॅटरी संपल्यामुळे सेटअपमधली जुनी नोंदही पुसली गेली आहे. डॉसच्या डीबग या प्रोग्रॅममध्ये ‘जी=सी८००:५’ ही आज्ञा द्यावी, असे एका परिचितांनी सुचवले आहे. ती द्यावी का?

पहिले उत्तर

ती आज्ञा कृपया देऊ नका. आयबीएमच्या आधीच्या एक्सटी प्रकारच्या संगणकांतल्या ८-बिट कार्डांवर स्वतःची रॉम असते आणि त्या रॉममधला लो-लेव्हल फॉरमॅट (डिस्कवरचे ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखणे) सुरू करण्यासाठी ही आज्ञा वापरतात. तुमच्या कार्डावर रॉम नसल्यामुळे ती निरुपयोगी आहे. आणि जिथे ती चालते तिथे डिस्कवरचा सगळा मजकूर पुसून टाकते.

तुमच्या वर्णनावरून हे कार्ड वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी १००३ मालिकेतले दिसते. आयबीएमने १९८४ मध्ये पीसी-एटी आणला, तेव्हापासून रूढ झालेल्या रचनेची ही कार्डे आहेत. हार्ड डिस्क आणि फ्लॉपी दोन्ही सांभाळणाऱ्या कार्डाच्या नावात डब्ल्यूए२ येते, केवळ हार्ड डिस्कच्या कार्डाच्या नावात डब्ल्यूएएच. तुमच्याकडे ३४ पिनांचे दोन कनेक्टर असून फ्लॉपी चालते, म्हणून तुमचे कार्ड डब्ल्यूए२ असावे, आणि ज्या कनेक्टरला फ्लॉपी लावलेली नाही तोच हार्ड डिस्कच्या नियंत्रण केबलचा. अशा कार्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) सहसा प्राथमिक पत्त्यावर, म्हणजे १एफ० या पोर्टवर आणि आयआरक्यू १४ या व्यत्यय-संकेतावर, लावलेले असतात. त्यांचे छायाचित्र काढून ठेवा आणि ते आहेत तसेच राहू द्या.

खरी काळजी केबलची घ्यायला हवी. फ्लॉपीची आणि हार्ड डिस्कची ३४ तारांची केबल वरवर सारखीच दिसते, पण फ्लॉपीच्या केबलमध्ये पिळलेल्या तारा १० ते १६ असतात, तर हार्ड डिस्कच्या केबलमध्ये २५ ते २९. लाल कडेपासून तारा मोजून खात्री करून घ्या. पिळाच्या पुढच्या टोकाला एकच डिस्क जोडायची असेल, तर तिचा ड्राइव्ह सिलेक्टचा (डिस्कचा क्रमांक ठरवणारा) जंपर दुसऱ्या स्थानावर हवा आणि टर्मिनेटर रेझिस्टर (केबलच्या टोकाला संकेत परत फिरू न देणारा) जागेवर हवा. केबल पिळाशिवाय सरळ असेल, तर तोच जंपर पहिल्या स्थानावर लागतो. २० तारांच्या केबलला पिळ नसतो.

सेटअपमधल्या डिस्क-प्रकारांच्या यादीतून टाइप २ निवडा: ६१५ सिलिंडर, ४ हेड, राइट प्रीकॉम्प (लिहिण्याच्या वेळेत सुधारणा जिथून सुरू होते तो सिलिंडर) ३००, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर. एसटी-२२५ ची २० एमबीची क्षमता याच आकड्यांतून येते.

दुसरे उत्तर

वरील माहितीत थोडी भर घालतो. एसटी-२२५ मध्ये हेड स्टेपर मोटरने सरकतात आणि तापमान बदलले की ट्रॅकवरची त्यांची जागा किंचित हलते. म्हणून संगणक अर्धा तास चालू ठेवून, डिस्क गरम झाल्यावरच वाचन करावे. वीज गेल्यावर हेड आपोआप सुरक्षित जागी जात नाहीत, त्यामुळे काम संपेपर्यंत यंत्र हलवू नये.

डिस्क आणि कार्ड यांची फारकत मात्र कधीही करू नका. सेक्टरचे शीर्षक कसे लिहायचे हे कंट्रोलर ठरवतो. त्यामुळे एका बनावटीच्या कार्डाने फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला वाचता येईलच असे नाही. अक्षरजुळणीसाठी सी-डॅकचे जिस्ट (भारतीय लिप्या दाखवणारे) कार्ड याच यंत्रात असेल, तर तेही जपून ठेवा, कारण फायली आयएससीआयआय या भारतीय लिप्यांच्या संकेतात असल्यास मजकूर पडताळताना ते कामी येईल.

जुनी बॅटरी निकेल-कॅडमियमची असल्यास तिच्यातून गळलेले रसायन आसपासच्या तांब्याच्या रेषा खाते. आधी ती काढा, मगच पुढचे करा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बॅटरी काढली, तारा मोजल्या आणि कार्डासोबत आलेली केबल हार्ड डिस्कचीच निघाली. टाइप २ दिल्यावर, फ्लॉपीवरून डॉस सुरू करून सी ड्राइव्हची यादी मागितली, तेव्हा अंकांच्या वर्षांनुसार केलेल्या डिरेक्टऱ्या पडद्यावर आल्या. मजकुराच्या काही फायली उघडताना मात्र वाचनदोष येतो. डिस्क दुरुस्त करणारा एखादा प्रोग्रॅम चालवू का?

पहिले उत्तर देणारे

वाचून फार बरे वाटले. प्रती निघेपर्यंत डिस्कवर काहीही लिहू नका. डिस्क तपासणारा चेकडिस्क प्रोग्रॅम ‘एफ’ (दुरुस्ती करण्याच्या) या पर्यायासह चालवू नका. ज्या फायली निर्धोक वाचल्या जातात त्या आधी फ्लॉपीवर, किंवा डॉस ६ मधल्या इंटरलिंकच्या साहाय्याने सिरियल केबलवरून दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या. सदोष फायली शेवटी घ्या: दोष आल्यावर ‘रिट्राय’ निवडत राहिल्यास, डिस्क पुरेशी गरम असताना, तोच सेक्टर पुष्कळदा नंतरच्या प्रयत्नात वाचला जातो.