निर्बंध घालणारा कायदा वाचताना नेमकं काय तपासायचं?

चाफेकळी:
सुरक्षेच्या नावाखाली नवा कायदा येऊ घातला की सगळी चर्चा हेतूवरच अडकते, आणि हेतूला विरोध कोण करणार? सरकारला गरजेपेक्षा जास्त अधिकार मिळतोय का, हे मसुद्यातून कसं ओळखायचं? वकील नसलेल्याला जमेल असं सांगा.

ओळंबा:
उद्देश आणि कारणं शेवटी वाचा, आधी व्याख्या काढा. 'त्रासदायक', 'आक्षेपार्ह' असे शब्द व्याख्येविना सोडले असतील तर गुन्हा काय हे अंमलदार ठरवणार. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, ते मुख्यतः असल्याच मोघम शब्दांमुळे.

मग विचारा: हेच काम कमी जाचक उपायाने होईल का? बरेच कायदे इथेच अडकतात. १९५८ चा जर्मनीतला खटला बघा. नव्या औषध दुकानाला परवाना देताना बव्हेरियात आधीच्या दुकानांचा धंदा बुडणार नाही ना, हेही पाहिलं जाई. सरकारचं म्हणणं, दुकानं वाढली की चढाओढीत नियम धाब्यावर बसतील आणि लोकांच्या आरोग्याला धोका होईल. घटना न्यायालयाने आरोग्याचा हेतू मान्य केला, पण औषधांवर थेट नियम घालता येत असताना माणसाला धंद्यातच येऊ न देणं मान्य केलं नाही. निर्बंध रद्द झाला.

तिसरा बाक:
मुदतीचं कलम राहिलं. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत २८ फेब्रुवारी १९३३ च्या हुकुमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, पत्रांची गुप्तता हे सगळं 'पुढील आदेशापर्यंत' स्थगित झालं. तो पुढचा आदेश नाझी राजवट कोसळेपर्यंत आलाच नाही.

याउलट दक्षिण आफ्रिकेच्या घटनेचं कलम ३७: आणीबाणी जास्तीत जास्त २१ दिवस. पुढे वाढवायची तर नॅशनल असेंब्लीचा ठराव, एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. पहिल्या वाढीला साधं बहुमत, नंतरच्या प्रत्येक वाढीला ६० टक्के. म्हणजे जितकं लांबवाल तितकं अवघड. आपल्या मसुद्यांत बहुधा उलटं असतं, सरकारने अधिसूचना काढली की वाढली मुदत.

चाफेकळी:
आणि सभागृहात सरकारचंच भक्कम बहुमत असेल तर?

ओळंबा:
मग कोर्टाचं दार उघडं आहे का ते बघा. 'या आदेशाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही' असं वाक्य बहुतेक वेळा शेवटच्या 'संकीर्ण' प्रकरणात दडवलेलं असतं, 'सद्भावनेने केलेल्या कृतीस संरक्षण' याच्या आसपास. १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टात जाता येणार नाही. विरोधातलं एकमेव मत न्या. खन्ना यांचं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर घटनेच्या कलम २० (गुन्हा आणि शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) मधल्या हक्कांसाठी दाद मागायचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येत नाही. हरकती मागवल्या असतील तर व्याख्या, मुदत आणि दाद या तिन्हींवर कलम क्रमांकासह, बदलून हवी असलेली शब्दरचना लिहूनच पाठवा. नुसता 'विरोध आहे' लिहिलात तर विचारात घ्यायला हातात काही उरत नाही.