सामायिक क्लस्टर घ्यायचा तर नेटवर्कवर किती पैसा घालावा?

गोदाकाठ (नांदेड):
समजा, मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी मिळून १४४ नोडचा (म्हणजे एकमेकांना जोडलेल्या १४४ संगणकांचा) क्लस्टर उभा केला. माझं मत सरळ आहे : पूर्ण क्षमतेचं फॅट-ट्री, म्हणजे खाली जेवढ्या केबल तेवढ्याच वर नेणारं नेटवर्क, घेऊ नये. ३६ पोर्टचे (केबल जोडायच्या ३६ जागांचे) स्विच धरा. नोड ज्यांना जोडतात ते लीफ, आणि लीफना एकमेकांशी जोडणारे वरचे स्विच ते स्पाइन. पूर्ण क्षमतेला प्रत्येक लीफचे १८ पोर्ट नोडकडे, १८ वर. म्हणजे ८ लीफ, ४ स्पाइन आणि स्विचांमध्ये १४४ केबल. तेच २४ खाली, १२ वर केलं की ६ लीफ, २ स्पाइन, ७२ केबल. लांबच्या ऑप्टिकल केबल तांब्याच्या केबलींपेक्षा फार महाग पडतात. वाचलेल्या पैशांत मेमरी वाढवा. आपल्याकडची बहुतेक कामं एक-दोन नोडवर बसतात.

मांजरापट्टा (लातूर):
काय म्हणायलात! कामं छोटी आहेत, कारण आजवर मोठं यंत्रच हाताशी नव्हतं. आपल्या भागाला सगळ्यात जास्त गरज पावसाच्या अंदाजाची. पुण्यात ‘प्रत्युष’ महासंगणकावर चाललेलं सुमारे १२ किमी जाळीचं जागतिक मॉडेल स्पेक्ट्रल पद्धतीचं, म्हणजे हवामान साऱ्या पृथ्वीभर पसरलेल्या लहरींच्या रूपात मांडणारं होतं. त्यात प्रत्येक टप्प्याला डेटाची अदलाबदल पार या टोकापासून त्या टोकापर्यंत होते, आणि एक संदेश अडकला तरी बाकीचे प्रोसेसर थांबून राहतात. जायकवाडीच्या कालव्यात वर किती सोडलं ते कोण विचारतं? टेलला किती पोचलं ते बोला.

गोदाकाठ:
उदाहरण चांगलं दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ‘प्रत्युष’ म्हणजे क्रे एक्ससी४०, त्याचं नेटवर्क ड्रॅगनफ्लाय, म्हणजे स्विचांचे गट करून ते गट मोजक्या लांब केबलींनी जोडणारी रचना. ही रचना २००८ साली मांडली गेली तीच लांबच्या महागड्या केबली कमी करायला. २०२२ मध्ये एक्झास्केल (सेकंदाला एकावर अठरा शून्यं एवढी गणितं) गाठणारं अमेरिकेचं ‘फ्रंटियर’ही ड्रॅगनफ्लायच. तेवढा पैसा असणारेही काटकसर करतात.

बालाघाट (बीड):
ड्रॅगनफ्लायचा फायदा हजारो नोडना, १४४ ला लीफ-स्पाइनचे दोन थर पुरतात. त्यापेक्षा शेड्युलरकडे, म्हणजे कोणतं काम कोणत्या नोडवर ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बघा. स्लर्म या शेड्युलरला टोपॉलॉजी (कोणता नोड कोणत्या स्विचखाली ते) सांगितली तर २४ नोडपर्यंतचं काम तो शक्यतो एकाच लीफखाली बसवतो. मग वरच्या केबलींना हातच लागत नाही.

मांजरापट्टा:
यंत्र रिकामं असेल तेव्हा! भरलेल्या यंत्रावर मोकळे नोड विखुरलेलेच सापडतात. आणि गोदाकाठ, तुमच्या हिशेबात स्टोरेज सर्व्हर जोडायचे कुठे? २४ अधिक १२, लीफचे छत्तीसही पोर्ट संपले. सातवा लीफ घेतलात की वर ८४ केबल. दोन स्पाइनचे ७२ पोर्ट पुरणार नाहीत, तिसरा आलाच. तुमच्या निम्म्याच केबलींच्या वाटेवर ही चेकपॉइंटची (चालू काम मधेमधे स्टोरेजवर साठवण्याची) वाहतूकही येणार.

गोदाकाठ:
स्टोरेजचा मुद्दा बरोबर आहे, धरायलाच हवा. पण मग तुमच्या रचनेतही नववा लीफ आणि निदान पाचवा स्पाइन येतो. एकूण स्विच माझे १०, तुमचे १४. फरक ४ स्विचचाच राहिला, आणि केबली तुमच्या १६२, माझ्या ८४. तेवढ्या पैशांत मी अजूनही मेमरीच घेईन.